मोरीच्या टोकाचं अळू

जळगावात आमच्या गल्लीत घरं सहा-सात होती, पण मोरी म्हणावी तर एकच. न्हाण्या ज्याच्या त्याच्या. पाणी मात्र मागच्या अंगानं एका उघड्या पन्हळीतून वाहत गल्लीच्या टोकाला जायचं आणि तिथं अक्कांच्या मोकळ्या जागेत जिरायचं. त्या जागेत अळू होतं, केळी होत्या, कडेनं कर्दळ होती. आमच्याकडचा उन्हाळा असा, की नळाला पाणी कधी येईल ते नळालाही ठाऊक नसायचं. एकदा अंगावरून गेलेलं पाणी दुसऱ्यांदा कामाला लावायचं, ही तिथली रीतच. आम्ही पाणी द्यायचो, अक्का पानं द्यायच्या. पावसाळ्यात वड्यांचं अळू, सणाला केळीचं पान. गल्लीतल्या एकाही बाईनं पान विकत आणल्याचं मला आठवत नाही.

अक्का एकट्या होत्या. यजमान रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. मूलबाळ नव्हतं. बहिणीचा मुलगा तेवढा जवळचा. तो दीपनगरला, विजेच्या कारखान्यात नोकरीला होता आणि तिथल्या कॉलनीत राहायचा. दर दोन-तीन महिन्यांनी यायचा आणि तेच म्हणायचा, "मावशी, इथं एकटी पडलीस-झडलीस तर कुणाला कळणार? चल माझ्याकडे. क्वार्टर मोठं आहे." माणूस चांगला होता, म्हणूनच त्याला नाही म्हणणं अवघड होतं. पण अक्कांचं उत्तर ठरलेलं असायचं. "आनि मन्हं अळू कोण देखी?"  भाचा चहा पिऊन, पानांची गुंडाळी घेऊन परत जायचा.

आता ह्यात माझा शिरकाव कसा झाला ते सांगते. मी धुळ्याची, पांझरा नदीपलीकडच्या देवपूरची. तिथल्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि ऐंशीच्या दशकात जळगावला सून म्हणून आले. येताना ट्रंकेत साड्यांच्या घड्यांमध्ये परीक्षानळ्यांचं स्टँड आणलं होतं. कशासाठी, ते तेव्हाच्या त्या मुलीलाच विचारायला हवं. मला तरी तिचा फार भरवसा वाटत नाही. जेवताना तिनं दोनदा "सोडियम क्लोराइड वाढा" असं म्हटलेलं आहे. तिसऱ्यांदा सासूबाईंनी वरणात मीठच घातलं नाही, आणि सगळ्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं. त्यानंतर मी मिठाला मीठ म्हणायला लागले. जवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागल्यावर तर माझी मान आणखी ताठ झाली. गल्लीत माझं नाव "लिटमसबाई" पडलं, आणि मला ते कौतुक वाटायचं.

त्याच सुमारास सुटी निळी पावडर आली. आधी धुणं असायचं वडीच्या साबणाचं, रिठ्याचं, नाहीतर नुसत्या खळबळून काढण्याचं. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येता येत नाही. पावडरीचा मात्र बादलीबाहेर यायचा. सासूबाई पहिल्या भक्त. "फेस नही त्या धुणाले धुणं कसाले म्हणो?" असं त्या पन्हळीपाशी उभ्या राहून दोन्ही बाजूंच्या घरांना ऐकवायच्या. वर्षभरात प्रत्येक न्हाणीत निळा डबा आला. सकाळी पन्हळीतून फेसाचे ढग तरंगत जायचे. मला तर ते प्रगतीचं लक्षण वाटायचं. मीच लोकांना समजावून सांगायची, की ह्यात सोडा असतो, त्यानं मळ कसा सुटतो वगैरे.

आधी अळवाच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मग पानं कागदासारखी कुरकुरीत व्हायला लागली. केळीचा नवा कोंब उलगडायच्या आतच पिवळा पडायचा. जमिनीवर पांढरी पापडी धरली. पूर्वी संध्याकाळपर्यंत जिरणारं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच साचून राहायला लागलं, कारण खालची काळी माती घट्ट चिकटून बसली होती.

संक्रांतीनंतर भाचा आला. जागेभोवती एक फेरी मारली. मग ओट्यावर बसून अगदी हळू आवाजात म्हणाला, "मावशी, आता अळूही राहिलं नाही. आखाजीला मी टेम्पो घेऊन येतो. तुला पटलं नाही तर सांग."

अक्कांनी त्याला चहा दिला. मी आमच्या दारातून बघत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो पानांची गुंडाळी न घेता निघाला. भाचा गेल्यावर त्या सरळ आमच्याकडे आल्या आणि मला म्हणाल्या, "पोरी, तू रसायनं शिकेल शे ना? मग देख बरं, काय व्हयनं ते." मग उंबऱ्यात टेकत म्हणाल्या, "तठे जाईसन मी दिनभर काय करू? क्वार्टरना जिना मोजू?"

मला तर हेच हवं होतं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, वेळ होता, आणि मला वाटलं, आठवड्याचं काम आहे.

निदान मी चटकन केलं, आणि ते बरोबरही होतं. पाणी खारट-तुरट, अल्कधर्मी झालं होतं. लिटमसचा लाल कागद बुडवला की निळा. उपाय पुस्तकात होता: अल्कात आम्ल घाला, दोघं एकमेकांना मारतात, पाणी उदासीन होतं. पन्हळीच्या टोकाशी, अळवाच्या आधी, मी विटांचं एक टाकं बांधून घेतलं. मुख्याध्यापकांना विचारून शाळेतून सौम्य आम्ल आणलं. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी पदर खोचून टाक्याशी उभी. थेंब थेंब आम्ल, काडीनं ढवळणं, कागद बुडवणं. आमचे हे स्कूटर बाहेर काढता काढता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या घरातल्या डॉक्टर. सध्या मोरीची नाडी बघताहेत."

कागदाचा रंग बदलेनासा झाला, तेव्हा मी टाक्याचं तोंड अळवाकडे मोकळं केलं आणि सगळ्यांना बोलावून दाखवलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, पण मी त्या ऐकल्या.

दोन आठवड्यांत उरलेली केळही बसली.

अक्का रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, उन्हात धरून नीट पाहिला आणि परत दिला. "तुन्हा कागद राजी शे, पोरी," त्या म्हणाल्या. "मन्हं अळू राजी नही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला एक कल्पना सुचली. तिची किंमत सासूबाईंच्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पातेल्यानं मोजली. टाक्यातलं माझं "सुधारलेलं" पाणी मी त्या पातेल्यात घेतलं आणि चुलीवर आटवायला ठेवलं. पाणी गेलं. तळाला पांढऱ्या क्षाराचा जाड थर उरला, करपट वास आला, आणि सासूबाई आल्या.

"हे काय रांधलंस?"

"आत्याबाई, हे सगळं आपण अळवाला जेवू घालत होतो."

त्यांनी पातेल्यात वाकून पाहिलं. "आनि मन्हं पातेलं?"

पातेलं गेलंच. पण मी ते घासायच्या आधी बराच वेळ समोर घेऊन बसले. वर्गात मी मुलांना फळ्यावर लिहून द्यायची, की आम्ल अधिक अल्क, बरोबर क्षार अधिक पाणी. ते समीकरण मी शेकडो वेळा लिहिलं असेल, आणि त्यातल्या "क्षार" ह्या शब्दाशी एकदाही थांबले नव्हते. तो क्षार जातो कुठं? फळ्यावर तो डस्टरनं पुसला की जायचा. अक्कांच्या जागेत डस्टर नव्हतं. पावडरीतला सोडा तिथंच होता, आणि वर माझं आम्लही येऊन बसलं होतं. मी पाण्याचा स्वभाव बदलला, ओझं मात्र वाढवलं. जे आधीच पन्हळीत पडलंय, त्याला टोकाशी उभं राहून कितीही ओवाळलं तरी ते तिथंच राहणार. मग ते न्हाणीतच पडू नये, एवढाच रस्ता उरतो.

हे लिहायला सोपं आहे. पण न्हाणीत पडू नये म्हणजे निळा डबा उचलायचा, आणि त्यातला पहिला डबा सासूबाईंचा.

मग मी दुसऱ्या टोकाकडून विचार केला. त्रास सोडियमचा आहे. झाडाला सोडियम नको असतं, पोटॅश हवं असतं. पोटॅश कुठं सापडतं? हेही मीच शिकवत होते, आणि जळगाव जिल्ह्यात बसून शिकवत होते, जिथं घड उतरवल्यावर केळीचे खांब बांधावर नुसते वाळत पडतात. केळीएवढं पोटॅश साठवणारं झाड विरळा. त्या खांबांची राख पाण्यात ढवळून निवळ घेतली, त्यात चुन्याची निवळी मिसळली आणि तेलाबरोबर शिजवली, तर साबण व्हायला हवा. धुण्याचं पाणी अळवात गेलं तर जाईना, निदान त्याच्या ओळखीचं काहीतरी घेऊन जाईल.

माझ्या नणंदेचं सासर जामनेरजवळ. आबा, म्हणजे माझे सासरे, तिच्याकडे गेले होते. येताना त्यांनी वाळक्या खांबांची दोन पोती एस.टी.च्या टपावर टाकून आणली. कंडक्टरनं विचारलं, "आबा, हे काय?" आबा म्हणाले, "सुनेचा माहेरचा आहेर." खांब आम्ही परसात जाळले. राखेची निवळ काढली, सरकीचं तेल घातलं आणि दुपारभर ढवळलं. झालं ते तपकिरी, लिबलिबीत, चमच्यावरून घरंगळणारं. पोटॅशचा साबण मऊच होतो, हे मला ठाऊक होतं. सासूबाईंना नव्हतं.

"हे साबण शे का काकवी?" त्या म्हणाल्या. "पोळीबरोबर वाढू?"

पहिला मान आबांच्या धोतराला मिळाला, कारण आबा नाही म्हणायचे नाहीत. बोअरच्या पाण्यात माझ्या साबणाचं दही झालं. चिकट, करड्या रंगाच्या गुठळ्या. वाळलेलं धोतर काठीसारखं उभं राहिलं. आबांनी ते हातात घेऊन वास घेतला आणि अगदी सौम्यपणे विचारलं, "सूनबाई, धोतर धुतलंय की सारवलंय?"

गल्लीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आणि मला सांगायला हवं, की ह्या वेळी त्या मुलीला मी थोडं बरं मानते. ती रुसली, परीक्षानळ्यांचं स्टँड ट्रंकेत घालून ट्रंक बंद केली, आणि दुसऱ्या दिवशी परत उघडली. जड पाण्यातला चुना साबणाला धरून बसतो, म्हणून दही होतं. मग साबणाच्या आधी तो चुनाच खाली बसवला तर? बसवायला काय लागतं, तर तीच राखेची निवळ. बादलीत आधी थोडी निवळ घालायची. पाणी गढूळ होतं, तळाला पांढरा साका बसतो. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायचं, साका बाजूला, आणि मग साबण.

फेस आला. निळ्या पावडरीएवढा नाही, पण बादलीच्या काठाला लागेल एवढा.

आता धोतरानंतर माझ्या हातचं कुणी काही घेणार नव्हतं. म्हणून मी सासूबाईंना न सांगता त्यांची बादली तयार करून ठेवली. त्यांनी लुगडं भिजवलं, चोळलं, पिळलं, आणि फेसाकडे पाहत राहिल्या. "ही कोणती पावडर आणली?"

"जामनेरची," मी म्हटलं.

खोटं नव्हतं. खांब जामनेरचेच होते.

संध्याकाळपर्यंत पन्हळीच्या दोन्ही बाजूंना बातमी गेली, की लिटमसबाईच्या सासूनं जामनेरची नवी पावडर आणलीय, हात जळत नाहीत, लुगडं मऊ राहतं. ज्या बायका काकवीला हसल्या होत्या त्याच वाटी घेऊन आल्या. शेजारणीचा भाऊ जामनेरला बाजाराला गेला आणि दुकानादुकानातून जामनेरची पावडर विचारत फिरला. तो रिकाम्या हातानं आला, तेव्हा माझं बिंग फुटलं. शेजारीण पन्हळीपाशी उभी राहून म्हणाली, "अहो मास्तरीणबाई, माझ्या भावाला उन्हात नाचवलंत, आता निदान तो रांधा कसा करायचा ते तरी शिकवा."

अशी आमच्या परसातली भट्टी सुरू झाली. कुणी राख चाळायचं, कुणी ढवळायचं. आणि ढवळता ढवळता कबूल व्हायचं, की आखाजीला अक्का गेल्या तर सणाची पानं कुणाकडे मागायची. पानांचं निमित्त होतं. अक्का गेल्या तर गल्लीचं टोक रिकामं होणार, ते बोलायला सगळ्यांना जड जात होतं.

सगळं सुटलं असं नाही. पांढरे शर्ट आमच्या साबणानं पिवळट दिसायचे, आणि शाळेतल्या मुलाचा गणवेश आहे, नवऱ्याचं हाफिस आहे, असं म्हणत निळे डबे फळीवर राहिलेच. शेवटी ठरलं, की पावडरीचं धुणं आठवड्यातून एकदा, आणि ती बादली पन्हळीत ओतायची नाही, उचलून हमरस्त्याच्या गटारात नेऊन टाकायची. सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. गटारात ओतलेली ती बादली पुढे कुणाच्या अळवात गेली, हे मला आजही माहीत नाही. पण प्रश्न मनातून गेला नाही, एवढं खरं.

पुढे नव्वदीत शिक्षकांच्या एका शिबिरासाठी मी देवपूरला, माझ्याच जुन्या कॉलेजात गेले होते. तिथल्या एका तरुण प्राध्यापकांनी "हरित रसायनशास्त्र" असा नवा शब्द फळ्यावर लिहिला आणि सांगितलं, की घाण झाल्यावर ती निस्तरत बसण्यापेक्षा ती होऊच नये अशी कृती आखायची. कच्चा माल असा घ्यायचा, की जो पुन्हा उगवतो. आणि वस्तू अशी करायची, की काम झाल्यावर ती मातीला जड होऊ नये. मागच्या बाकावर मला हसू आलं. त्यांनी विचारलं, "बाई, काही शंका?" मी म्हटलं, "नाही सर, एक पातेलं आठवलं."

पण ते नंतरचं. त्या वर्षीच्या चैत्रात भाचा एकदा येऊन गेला. आम्ही अक्कांच्या जागेतली पांढरी पापडी खरवडून काढली होती, शेणखत आणि जिप्सम कालवून घातलं होतं. जमीन अजून उघडीच दिसत होती. आमच्या परसात चार बायका भट्टीभोवती घामाघूम होऊन बसलेल्या. "हे काय चाललंय?" त्यानं विचारलं. "राख लागस," अक्का म्हणाल्या, "मन्हा अळूले." त्यानं पोत्यातली राख पाहिली, आमच्याकडे पाहिलं, आणि निघून गेला. टेम्पोचं काही बोलला नाही. टेम्पो आणणार नाही, असंही म्हणाला नाही.

आखाजी आमच्याकडे मोठा सण. पितरांच्या नावानं घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, पुरणपोळी आणि आमरसाचा घास केळीच्या पानावर वाढायचा. प्रत्येक घराला पान हवं. अक्कांच्या केळीच्या बुडाशी जी पिलं फुटली होती, त्यांना मिळून जेमतेम दोन-तीन पानं झाली होती, हिरवी, कडेला डाग नसलेली. अळवाचे कोंब बोटाएवढे. अक्कांनी पानं कापली आणि विळीवर त्यांचे तळहाताएवढे तुकडे करून घरोघर पोचवले. सासूबाईंनी तो तुकडा पाहिला आणि त्यावर घास वाढताना म्हणाल्या, "पितर काय, अवंदा जरा सावरीसन बसतीन."

दुपारी भाचा आला. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो दिसेल म्हणून आम्ही सगळ्याच दारात उभ्या होतो. टेम्पो नव्हता. तो चालत येत होता, पाठीवर पोतं, आणि पोत्याच्या शिवणीतून सांडलेल्या पुडीनं सदरा करडा झालेला.

त्यानं पोतं अक्कांच्या ओट्यावर टेकवलं. "मावशी, तुला राख लागते ना? आमच्याकडे डोंगर आहेत राखेचे. लागेल तेव्हा सांग, मी आणून देत जाईन."

ती विजेच्या कारखान्यातली राख होती, दगडी कोळशाची. तिच्यात केळीच्या राखेतलं काहीच नसतं, आणि मातीत जाऊ नये असं बरंच असतं. राख म्हणजे राख नव्हे, हे सांगायला माझं तोंड उघडलंच होतं. कोळसा, पोटॅश, जड धातू, सगळं जिभेवर तयार होतं. आमचे हे माझ्याकडे बघत होते. मी तोंड मिटलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या संसारात हे एकदाच घडलं.

मी अक्कांना फक्त डोळ्यांनी नाही म्हटलं. त्यांनी ते पाहिलं. पोत्यात हात घालून राख चिमटीत चोळली, आणि मग ओट्याखाली, पायरीपाशी जो खड्डा होता, पावसाळ्यात हमखास पाय मुरगळणारा, तिकडे बोट केलं.

"आठे टाक," त्या भाच्याला म्हणाल्या. "वर मुरूम टाकू, पाणी मारू, धुम्मस करीसन चोपू."

त्यानं पोतं उलटं केलं. अक्कांनी पायानं थोडी राख सारखी केली.

"आते तू मन्हा घर येशी ना, तुन्हा पाय खड्डामा जावाव नही."

भाच्यानं रिकाम्या पोत्याची घडी केली. मग सदरा झटकत म्हणाला, "पानं आहेत का गं काही, घरी न्यायला?"

"आते नही," अक्का म्हणाल्या. "बैलपोयाले ये."